अक्कांचा भरलेला फोन

अक्का व्हिडिओ डाउनलोड करत नसत, भरून घेत. "आज चार भरले, पाचवा अर्ध्यात राहिला," असं त्या संध्याकाळी घरात शिरता शिरता, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मला ओरडून सांगत. बंगळूरच्या शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुनं घर होतं. खाली अक्का, वरच्या खोलीत मी भाडेकरू. गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येई, आणि आलं की अक्का ड्रम, हंडे, बादल्या, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवत. इंटरनेटलाही त्यांनी तोच नियम लावला होता. "नेट म्हणजे नळ रे, तम्मा. आला की भरून घ्यायचं. गेल्यावर नळाकडं बघत बसून काय होतंय?"

'तम्मा' म्हणजे कन्नडात धाकटा भाऊ. एका इंग्रजी दैनिकात वार्ताहराची नोकरी मिळाली म्हणून मी मिरजेहून बंगळूरला आलो होतो. अक्कांनी पहिल्याच दिवशी मला धाकटा भाऊ करून टाकलं. माझं मत विचारलं नाही. त्यांच्या घरात मराठी होती, पण तिला कन्नडचे टाके ठिकठिकाणी घातलेले होते. थोडंसं म्हणायचं तर त्या 'स्वल्प' म्हणत, ठीक आहे म्हणायचं तर 'सरी'. तुम्ही मूळचे कुठले, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : "साडेतीनशे वर्षांपूर्वी आम्ही फौजेबरोबर आलो. फौज परत गेली. आम्हाला सांगायची विसरली."

त्या होसकोटेच्या पलीकडच्या एका खेड्यात सरकारी कन्नड शाळेत शिकवत. शाळेत दोन शिक्षिका, तीन खोल्या आणि मोबाइलला रेंज शून्य. पटांगणाच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीवर चढलं की एक कांडी दिसे, आणि तीही वारा असेल तर, असं अक्का सांगत. मुलांना काही दाखवायचं तर ते शाळेत पोचायच्या आधी फोनमध्ये असायला हवं होतं. त्यांच्या फोनवर रोज ठरावीक डेटा मिळे, पण तो खात्याच्या कामात जाई. हजेरी, जेवणाचे फोटो, शौचालयाचे फोटो, वृक्षारोपणाचे फोटो, हे सगळं त्या परतीच्या बसमध्ये बसून वर चढवत. घरी येईपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असे. "मी सरकारला झाड दाखवते," त्या म्हणत, "आणि माझ्याकडं ज्वालामुखी दाखवायला काही उरत नाही."

व्हिडिओ भरताना त्या सगळ्यात हलकी प्रत निवडत. त्याला त्यांचा शब्द 'पातळ'. "पातळ भरलं तर स्वल्प जास्त मावतं. ताकासारखं." चित्र थोडं धूसर दिसे, पण मुलांची तक्रार नव्हती. सात मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ त्या भरत नसत, कारण आठव्या मिनिटाला शेवटच्या रांगेतला कुणीतरी पुढच्याच्या शर्टाचा दोरा ओढायला लागतो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

भरलेलं सगळं मुलांपर्यंत पोचत नसे. होसकोटेहून शाळेपर्यंतच्या दुसऱ्या बसमध्ये त्या प्रत्येक व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहत आणि निम्मे पुसून टाकत. चव घेतल्याशिवाय पानात वाढायचं नाही, हा त्यांचा स्वयंपाकघरातला नियम इथेही होता. एकदा चंद्रावरचा एक चांगला व्हिडिओ त्यांनी पुसला. मी कारण विचारलं. "तो माणूस फार ओरडतो. चंद्राला काय ऐकू येतंय?"

फोन स्वस्तातला होता आणि नेहमी भरलेला असे. जागा करायला त्यांनी मुलीच्या लग्नाचे फोटो पुसले, नवऱ्याच्या शेवटच्या वाढदिवसाचेही पुसले. त्यांचे यजमान वारून तेव्हा चार वर्षं झाली होती. मला ते बरं वाटलं नाही आणि मी तसं बोललो. अक्का भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी माणसं माझ्या डोक्यात आहेत. त्या पोरांच्या डोक्यात समुद्र कुठं आहे?"

वर्गात त्या फोन स्टीलच्या मोठ्या तांब्यात उभा करत, म्हणजे आवाज घुमून मोठा होई. मुलं पाच-पाच जणांच्या पाळीने समोर बसत. मधेच बोट ठेवून त्या व्हिडिओ थांबवत आणि विचारत, "आता पुढं काय होईल?" सगळी उत्तरं ऐकून झाल्याशिवाय पुढचं दाखवत नसत. हृदयाचा व्हिडिओ दाखवला त्या दिवशी त्यांनी आवाजच बंद केला, आणि मुलांना एकमेकांच्या पाठीला कान लावायला सांगितलं. एका मुलीने घरी जाऊन म्हशीच्या पाठीला कान लावला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं की म्हशीचं हृदय आळशी आहे. अक्कांनी हे मला तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा तितक्याच हसल्या.

त्यांचा जुना फोन शाळेच्या कपाटात असे. दुसऱ्या बाईंना वापरता यावा म्हणून त्यात वर्षभरातले उत्तम तीसेक व्हिडिओ भरून ठेवले होते. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यावर कपाट उघडलं, फोन चार्ज केला, तर एकही चालेना. नावं सगळी दिसत होती, पण बोट ठेवलं की इंटरनेटला जोडा असा संदेश येई. अशा प्रकारे जपून ठेवलेल्या व्हिडिओंना अधूनमधून नेटला तोंड दाखवावं लागतं, नाहीतर ते बंद पडतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं; मी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं. "आटले," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर दर शनिवारी तो जुना फोनही पिशवीत घालून त्या घरी आणू लागल्या आणि सोमवारी वाटेत नेटला जोडून परत नेऊ लागल्या.

आता भरत कुठे, ते सांगायला हवं. शिवाजीनगरहून निघालेली बस त्यांना होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीपाशी उतरवी. शाळेकडे जाणारी बस पाऊण तासाने येई. समोरच एका कारखान्याचं मागचं गेट होतं आणि गेटावर सुरक्षारक्षकाची केबिन. माल घेऊन येणाऱ्या लोकांसाठी तिथे वायफाय होतं आणि त्याचा पासवर्ड केबिनच्या भिंतीवर चिकटवलेला होता. सकाळच्या पाळीला असणारे रक्षक पन्नाशीचे, बीदरकडच्या भालकीचे, घरी मराठी बोलणारे. अक्का एका पावसात आडोशाला थांबल्या असताना दोघांना एकमेकांची भाषा कळली, आणि मग ते रोजचंच झालं. त्या त्यांना 'भाऊ' म्हणत, ते त्यांना 'बाई'. ते बाहेर एक प्लास्टिकची खुर्ची काढून ठेवत. अक्का पाऊण तासात भरायचं ते भरत आणि जाताना डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा फोडणीभात, अर्धं तिथे ठेवत.

एका सकाळी मी त्यांच्याबरोबर गेलो. रविवारच्या पुरवणीला काहीतरी हवं होतं आणि अक्कांचा फोन माझ्या डोळ्यासमोर होता. मी तसं म्हटल्यावर त्या आधी हसल्या होत्या. "पेपरवाले तुम्ही. तू कालचं लिहितोस, मी उद्याचं भरते. आपलं कसं जमणार?" तरी त्यांनी मला नेलं. गेटावर भाऊंनी माझ्यासाठीही खुर्ची शोधली. मी वहीत वेळ लिहिली, भिंतीचा रंग लिहिला, खुर्चीचा रंग लिहिला.

"बाई, त्यो निळा रेघोटा पुढं सरकंना की," भाऊ त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाले.

"नव्याण्णववर अडकलाय, भाऊ."

"मग झालाच की. एकानं काय व्हतंय?"

"भात नव्याण्णव टक्के शिजला तर वाढाल का?"

"आमच्या मेसमधी त्येवढाच शिजतोय, बाई," भाऊ म्हणाले, आणि दोघं हसत सुटले. तेवढ्यात बस आली. भाऊ रस्त्यावर जाऊन हात आडवा करून उभे राहिले, शंभरावा टक्का पुरा होईपर्यंत. चालक कन्नडात काहीतरी बोलला. भाऊंनी त्याला कडक सलाम ठोकला. हेही मी वहीत लिहिलं.

दिवसभर शाळेत थांबून परतताना अक्का बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या आणि खात्याचे फोटो वर चढवून झाल्यावर बोलल्या. "तम्मा, शाळेचं लिही. मुलांचं लिही. माझं नाव घाल, नको घालू, काय वाटेल ते कर. गेटचं लिहू नको. ते भाऊ ड्यूटीवर असतात."

"त्यांचं नाव टाकणार नाही, अक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सरी," म्हणाल्या.

त्यांनी गेट वगळायला सांगितलं होतं. मी नाव वगळायचं कबूल केलं. ही दोन वेगळी वाक्यं आहेत हे मला त्या क्षणी कळत होतं. पण एखाद्या माणसाला सांभाळायचं म्हणजे त्याचं नाव गाळायचं, एवढंच मला धंद्याने शिकवलं होतं, आणि ते सोयीचंही होतं. गेट काढलं तर उरत होतं काय? एक शिक्षिका मुलांना फोनवर व्हिडिओ दाखवते. तिसऱ्या परिच्छेदापुढे कुणी वाचलं नसतं.

लेख रविवारी अर्धं पान लागला. तांब्यात उभा केलेला फोन आणि समोर पाच मुलांची डोकी, असा फोटो होता. लेखाची सुरुवात मी गेटापासून केली होती. औद्योगिक वसाहत, कारखान्याचं मागचं गेट, बसथांब्याच्या समोर, सकाळची पाळी, लाल खुर्ची, भालकीकडचा मराठी बोलणारा रक्षक, बससमोर आडवा केलेला हात. नाव नव्हतं. संपादकांनी तपशिलाचं कौतुक केलं. वाचकांची पत्रं आली. महिन्याच्या बैठकीत त्या लेखाला उत्तम लेखाचं बक्षीस मिळालं आणि मी ते घेतलं.

अक्कांनी रविवारी सकाळी चष्मा लावून, प्रत्येक ओळीखाली बोट धरून तो वाचला. मी समोर बसलो होतो.

"गेट आहे की रे यात."

"नाव नाही, अक्का."

"हं," त्या म्हणाल्या आणि कागदाची नीट घडी घालून ती टीव्हीखाली ठेवली.

त्यानंतर जिन्याच्या तोंडाशी आकडा ऐकू येईना. "आज काही भरलं नाही," असं दोन-तीनदा त्या म्हणाल्या. मग तेही म्हणेनाशा झाल्या. मी बस चुकली असेल असं धरलं. तीन आठवड्यांनी लेखाचा पुढचा भाग कर असं कार्यालयात सुचवलं गेलं, तेव्हा मी खाली जाऊन विचारलं. भाऊंना लेखानंतरच्या सोमवारीच काढलं होतं. कारखान्याच्या कार्यालयातल्या कुणीतरी लेख ओळखला, 'हे तर आपलं गेट' म्हणून कौतुकाने तो कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत तो रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीकडे पोचला. बाहेरच्या व्यक्तीला वायफाय दिलं, ड्यूटीवर असताना बस अडवली. दोन्ही गोष्टी छापील होत्या, त्यामुळे चौकशीचं काम उरलं नव्हतं. राहायची खोलीही एजन्सीची होती. ती दोन दिवसांत सोडावी लागली.

"तुम्ही मला का सांगितलं नाही?"

"सांगून काय? परत छापणार होतास?"

मी म्हणालो, की मी चुकीचं काही लिहिलं नव्हतं. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं.

"खोटं कुठं काय लिहिलंस?" अक्का म्हणाल्या. "सगळं खरंच लिहिलंस, तम्मा. पत्तासुद्धा." आवाज चढलेला नव्हता. त्या उठल्या, कॉफी गाळली आणि माझा पेला माझ्यासमोर ठेवला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, जी लेखात नव्हती. माझ्या खोलीत वायफाय होतं. मी राहायला आलो त्याच आठवड्यात कार्यालयाने घेऊन दिलेलं, वापराला मर्यादा नसलेलं. त्याची वायर अक्कांच्या खिडकीच्या चौकटीवरून वर गेली होती. ती ठोकताना वायरमनची शिडी अक्कांनीच धरली होती. त्याचा टप्पा त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत होता. दोन वर्षं त्या रोज पाऊण तास परक्या गेटावर बसून व्हिडिओ भरत होत्या, आणि मी वर बसून क्रिकेट बघत होतो. पासवर्ड त्यांना द्यावा हे मला सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं लोकांना सांगितलं. ते पूर्ण खरं नाही. त्या सकाळी गेटावर, वहीत खुर्चीचा रंग लिहिताना, ते मला सुचलं होतं. हे काम घरी बसून होऊ शकतं, माझ्या वायफायवर, हे वाक्य डोक्यात स्पष्ट उमटलं होतं. ते मी वहीत उतरवलं नाही. बातमीला गेट हवं होतं.

अक्कांनी मागितलंही नव्हतं. भाडेकरूकडून भाड्याशिवाय काही घ्यायचं नाही, वाटीभर साखरसुद्धा नाही, असा त्यांच्या सासूबाईंपासूनचा रिवाज होता.

त्या संध्याकाळी मी पासवर्ड कागदावर लिहून त्यांना दिला. त्या नको म्हणतील अशी माझी अपेक्षा होती. कदाचित इच्छाही होती. त्यांनी कागद वाचला. "मुलांसाठी लागतं त्याला रिवाज कसला," म्हणाल्या आणि घेतला. टप्पा स्वयंपाकघरापर्यंत येत होता, तरी तिथे तो अशक्त पडे. म्हणून त्या दोन्ही फोन घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसत. वर या म्हटलं तर येत नसत. वीस मिनिटांनी हाक येई, "झालं रे, साकु!" साकु म्हणजे पुरे. पुढची तीन वर्षं, त्यांच्या निवृत्तीपर्यंत, शाळेतले सगळे व्हिडिओ त्या पायरीवर भरले गेले. गेटाचा विषय त्यांनी माझ्याशी पुन्हा काढला नाही. चित्रान्न केलं की माझी वाटी वर येई, पूर्वीसारखीच.

मी भाऊंचा फोन नंबर मागितला होता. अक्का म्हणाल्या, "तू करू नको. तुझा फोन गेला की त्यांना वाटेल, अजून काही छापायचं राहिलंय." मला बरं वाटलं, हेही नोंदवतो. संपादकांकडे मी एकदा विषय काढला. कारखान्याला फोन केला तर त्याचीच दुसरी बातमी होईल, असं ते म्हणाले. मी तो विषय तिथे सोडला. त्या महिन्यांत अक्का घरी उशिरा येऊ लागल्या होत्या, कधी तासभर, कधी दीड तास. मी ट्रॅफिक धरून चाललो.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, जेवून आडव्या झालेल्या अक्का उठल्या नाहीत. धारवाडहून मुलगी आली. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. शाळेतल्या दुसऱ्या बाई आल्या होत्या, आणि आता मोठी झालेली चार-पाच मुलं. पानं उठल्यावर मी जिन्याकडे गेलो, तर मधल्या पायरीवर एक गृहस्थ चहाचा पेला घेऊन बसले होते. अंगावर रक्षकाचा गणवेश होता, बाहीवर जवळच्याच एका मंगल कार्यालयाचं नाव. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

"तुमीच न्हवं का पेपरवाले साहेब?" ते उठायला लागले. मी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि खालच्या पायरीवर बसलो.

"भाऊ, तुम्ही इथे?"

"हितंच असतोय की. त्या मंडपात, चार वर्षं झाली. बाईंनीच लावलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "लई फिरल्या बाई माझ्यापायी. शाळा सुटली की यायच्या, आन मग ह्या शिवाजीनगरात दुकानं, हॉटेलं, मंडप, एक दार सोडलं नाही. मी म्हणायचो, बाई, ऱ्हाऊ द्या. तर म्हणायच्या, चूक माझी हाय, भाऊ. मीच पोरगं घेऊन आले गेटावर."

मी म्हणालो, की चूक त्यांची नव्हती.

"कुणाचीच न्हवती," भाऊ म्हणाले. "पेपरचा कागद ठेवलाय मी घरी. नाव नाही माझं त्यात, पर कुणी वाचून दावलं की गावाकडं समद्यांना कळतंय, ह्यो आपलाच माणूस." ते हसले. मग जिन्याकडे, पायरीकडे बघत त्यांनी विचारलं, "मग बाई नंतर भरायच्या कुठून? ते व्हिडिओ?"

"इथे. तुम्ही बसलाय त्या पायरीवर बसून. माझ्या वायफायवर."

भाऊंनी पायरीवरून हात फिरवला. "म्हंजी तुमी बाईंसाठी नेट घेतलं," ते म्हणाले. "चांगलं केलं, साहेब. तुमी पण फेडलंच म्हणायचं." आणि त्यांनी मला हात जोडले.

छापलेल्यात चूक राहिली तर ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायची असते, आणि हे तर छापलेलंही नव्हतं. गप्प राहता आलं असतं.

"घेतलं नाही, भाऊ," मी म्हणालो. "आधीपासून होतं. अक्का तुमच्या गेटावर यायच्या, तेव्हाही होतं."

त्यांचे जोडलेले हात खाली आले. त्यांनी वर माझ्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग वायर गेली होती त्या खिडकीकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"बाई कधी बोलल्या नाहीत," ते म्हणाले.